झोपेचं खोबरं

दर रविवारी बाबूला न्हाणीत पाटावर बसवून मी त्याची मान घासत असे. आधी साबण, मग डाळीचं पीठ, मग लिंबाची फोड. एकदा तर भांड्यांचा काथ्याही घेतला होता, आता सांगायला लाज वाटते. मानेच्या मागे, केस संपतात तिथून खाली, वळ्यावळ्यांत एक काळपट पट्टा होता. हात लावला तर मखमलीसारखा लागायचा, पण निघायचं नाव घेत नव्हता. बाबू रडकुंडीला येऊन म्हणायचा, "आई, दुखता गो." आणि मी म्हणायचे, "दिवसभर वाळूत लोळतंस, मग दुखतला नाय तर काय!"

जूनमध्ये खोकल्यासाठी त्याला डॉक्टरांकडे नेलं. छाती तपासता तपासता बाईंनी त्याची कॉलर खाली ओढली, मान पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मीच ओशाळून बोलून गेले, "मळ आहे हो, रोज घासते." (रोज वगैरे काही नाही, पण डॉक्टरांपुढे आपण सगळंच रोज करत असतो.) त्या म्हणाल्या, "मळ नाही हा. घासू नका, कातडी सोलवटेल."

तो इन्शुलिनचा डाग होता. रक्तातली साखर पेशींत पोचवायचं काम इन्शुलिनचं. अंगावर चरबी चढत गेली की पेशी त्याला जुमानेनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, एका हाकेला ओ आली नाही की आपण दहा हाका मारतो तसं. त्या दहा हाकांची खूण मानेवर आणि काखेत अशी उमटते. साखर तपासली तर ती व्यवस्थित निघते, बाबूचीही निघाली. पण वाट कुठे चाललीय ते मान सांगते.

वजन ४३ किलो, उंची १३४ सेंटिमीटर, वय साडेनऊ. मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, मुलांना थेट लावत नाहीत हे मला तिथेच कळलं. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ सालचे तक्ते आहेत, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. त्यात मोठ्या माणसाच्या २३ शी जुळणारी रेषा जादा वजनाची आणि २७ शी जुळणारी लठ्ठपणाची. वय वाढतं तशा रेषाही वर चढत जातात. बाईंनी पेनाने बाबूचा ठिपका मारला तो वरच्या रेषेच्याही वर.

मी तयारीनेच गेले होते. सकाळी दोन घावणे, डब्यात चपाती-भाजी, दुपारी भात आणि माशाची कढी, असा सगळा हिशेब मी खानावळीच्या बिलासारखा घडाघडा म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री झोपतो किती वाजता?"

मला उत्तर आलं नाही. तीन नंबरच्या खोलीतल्या पाहुण्यांनी गेल्या शनिवारी किती वाट्या सोलकढी प्यायली ते मी आजही सांगेन. पोटचं पोर किती वाजता झोपतं ते मला माहीत नव्हतं.

*

देवबागच्या वाटेवर आमची चार खोल्यांची निवास-न्याहारी आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा मी शाळेत होते, आणि त्याचा माझ्या झोपेशी काही संबंध येईल असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते. सासरे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचे. त्यांचं घड्याळ म्हणजे समुद्र. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तसा त्यांचा दिवसही सरकायचा. पण काम नसलेल्या रात्री दिवेलागणीनंतर तासाभरात ते आडवे होत. नवरा आता स्कूबाच्या बोटीवर असतो. पाहुणे दिवसभर पाण्यात, संध्याकाळी किल्ल्यावरून परत, मग आंघोळी, मग खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्च्या टाकून गप्पा. जेवायला साडेनऊ-दहा. सुरमई ताटात गरमच पडायला हवी, म्हणून तवा दहानंतरही तापलेला. आणि या सगळ्यात इकडून तिकडे पळणारा, पाण्याचे तांबे नेणारा, पाहुण्यांच्या मोबाइलवर गेम खेळणारा बाबू. सगळ्यांचा लाडका. "काय पैलवान, घे वेफर्स." साडेदहा-अकराला मी ओटा आवरत असताना तो मागे येऊन उभा राहायचा. माशाची तुकडी उरलेली असायची. फेकायची कशाला?

मग झोप साडेअकराला, कधी पावणेबाराला. सकाळी पावणेसातला मी त्याला ओढून उठवायची. सव्वासात तास फार फार.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये मुलांच्या झोपेचे तास ठरवून दिले. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, तेरा ते अठराच्या पोरांना आठ ते दहा. म्हणजे बाबूची रोज कमीत कमी पावणेदोन तासांची उधारी होत होती. आठवड्याला बारा तास, आख्खी एक रात्र. वाण्याची उधारी इतकी थकली असती तर त्याने दारात येऊन तमाशा केला असता.

शाळेला दोष द्यायची सोयही आम्हाला उरली नाही. बाबू दुसरीपर्यंत सकाळच्या सत्रात होता, सव्वासहाला गाडी यायची. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. राज्यपालांनी आधी सुचवलं होतं, कारण मुलांची झोप होत नाही. आम्हा आयांना केवढा आनंद! आणि त्या मोकळ्या दीड तासाचं आम्ही काय केलं? तो रात्रीला जोडून टाकला. आधी बाबू साडेदहापर्यंत तरी गाडीच्या धाकाने गादीवर जायचा, तो धाकही गेला. सरकारने दिलेली झोप आम्ही पाहुण्यांना वाढली.

*

आपल्याकडे झोपेची गाठ आळसाशी घातलेली. कुंभकर्ण काय, झोपाळू काय, 'झोपून झोपून सुजलाय' काय. बाबूला बघून आळीतल्या बायका हेच म्हणायच्या: खातो आणि लोळतो. एकदा पाहुणे म्हणून एक वैद्य उतरले होते. त्यांनी मला चरकसंहितेतला एक अध्याय सांगितला. सूत्रस्थानातला एकविसावा. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश माणसांची चर्चा आहे आणि त्याच अध्यायात झोपेचीही. काळजी करायची नाही, भरपूर पौष्टिक खायचं आणि खूप झोपायचं, की माणूस 'वराह इव पुष्यति', डुकरासारखा पोसला जातो. मी म्हटलं, "बघा, म्हणजे बायकांचंच खरं!" तर ते म्हणाले, पुढेच असंही आहे की पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुर्बलता, सुख आणि दुःख, ही सगळी झोपेच्या हाती. वराह व्हायला तिन्ही गोष्टी लागतात आणि तुमच्या पोराला झोप सोडून बाकी दोन मिळताहेत. हसत हसत बोलले, पण मला ते लागलं.

सासूबाईंचं म्हणणं याहून साधं. "वाढत्या अंगाचो झील तो, खाऊ दे तेका. मोठो झालो काय आपसूक बारीक होतलो." आणि लहान असताना, तो झोपला असेल तर कुणाला त्याच्या जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. "निजलेला पोर वाढता, उठवू नको." यातलं पहिलं वाक्य चुकीचं निघालं. दुसरं शंभर टक्के बरोबर. वाढीचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, दिवसभर थोडंथोडं सुटतं, पण त्याची मोठी लाट येते ती रात्री, झोप लागल्यावरच्या पहिल्या गाढ टप्प्यात. १९६८ साली हे रक्त तपासून दाखवलं गेलं. सासूबाईंना न तपासता माहीत होतं. फक्त त्यांचा नियम पोर पाळण्यातून उतरल्यावर आम्ही गुंडाळून ठेवला.

*

संप्रेरक हा शब्द मी दहावीच्या परीक्षेसाठी पाठ केला होता आणि पेपर झाल्यावर विसरले होते. डॉक्टरबाईंकडून आल्यावर मात्र रात्री, सगळे झोपल्यावर, मी त्यावर वाचत बसले. (हो, एक वाजेपर्यंत. हसा.)

लेप्टिन आपल्या चरबीतूनच सुटतं. कणगीत भात किती शिल्लक आहे याची खबर ते मेंदूला देतं. कणगी भरलेली असेल तर भूक आवरती ठेव, रिकामी होत आली तर जेवायला उठ. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत एक उंदीर असा जन्मला की खातच सुटला आणि चेंडूसारखा झाला. त्याच्यात नेमकं काय बिघडलं हे कळायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते जनुक सापडलं. संप्रेरकाला त्यांनी नाव दिलं ते ग्रीक 'लेप्टॉस'वरून, म्हणजे सडपातळ. तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, केंब्रिजच्या डॉक्टरांना तोच बिघाड दोन चुलत भावंडांत आढळला. मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा आणि २९ किलो. जन्माच्या वेळी दोघंही चारचौघांसारखी होती. त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि तिची भूक उतरली, वजन उतरू लागलं.

असा जन्मजात बिघाड फार फार विरळा, बाबूला तसलं काही नाही. पण त्या मुलीबद्दल वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. तिलाही कुणीतरी हावरट म्हटलं असणार. ताटाखाली लपवलेला लाडू पकडून कान पिळला असणार. मी बाबूचा पिळलाय.

दुसरं ग्रेलिन. हे पोटातून सुटतं आणि नेमकं उलटं काम करतं, भुकेची हाळी देतं. १९९९ मध्ये जपानमध्ये सापडलं. आणि या दोघांचा झोपेशी काय संबंध, यावर शिकागो विद्यापीठात २००४ साली एक छोटासा प्रयोग झाला. बारा निरोगी तरुण. दोन रात्री त्यांना चारच तास गादीवर राहू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली, ग्रेलिन २८ टक्क्यांनी वर, आणि पोरांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार भूक २४ टक्क्यांनी जास्त. भूक कशाची? गोड, खारट, पिठूळ. रात्री अकराला बाबूने कधी काकडी मागितलेली मला आठवत नाही.

इथवर मला सगळं समजलं असं वाटलं. झोप कमी, खबर खोटी, पोर खातं. पण बाबू म्हणजे बावीस वर्षांचा सडसडीत तरुण नव्हे. मुलांवरचा एक प्रयोग वाचला आणि माझी गणितं विस्कटली. आठ ते अकरा वर्षांची ३७ मुलं, २०१३ साली छापून आलेला. एक आठवडा रोज दीड तास झोप वाढवली, एक आठवडा दीड तास घटवली. जास्त झोपलेल्या आठवड्यात मुलांनी दिवसाला सरासरी १३४ कॅलरी कमी खाल्ल्या, म्हणजे एखाद-दीड पोळी. वजनही पावशेराच्या आसपास कमी भरलं. पण लेप्टिन? वाढायला हवं होतं ना? ते कमी झालं. आणि ग्रेलिन होतं तिथेच राहिलं.

मी ते दोनदा वाचलं. मग हळूहळू उलगडलं. आमच्याकडे पहिल्यांदा येणारे पाहुणे सकाळी तक्रार करतात, "रात्रभर समुद्राच्या गाजेने झोप नाही लागली." आम्हाला गाज ऐकूच येत नाही. चोवीस तास, बारा महिने कानावर आदळणारा आवाज कान सोडून देतो. लठ्ठ अंगात लेप्टिन कमी नसतं, उलट भरमसाट असतं, कारण चरबीच भरपूर. पण मेंदूला त्याची सवय होऊन जाते. कणगी ओसंडतेय अशी हाकाटी चालू आणि मेंदू निवांत. तेव्हा अशा मुलात लेप्टिन खाली आलं तर ती वाईटच बातमी असं नाही, गाज जरा ओसरल्यासारखं ते असू शकतं. हे माझं घरगुती स्पष्टीकरण आहे, शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. संप्रेरकांचे आकडे प्रयोगागणिक इकडचे तिकडे होतात. मुलं जास्त झोपली की कमी खातात, एवढं मात्र त्या ३७ पोरांनी दाखवलं, आणि कारण काहीही असो, ते मला स्वयंपाकघरातून दिसतं. जागं पोर खातं. झोपलेलं पोर खात नाही. अकरा वाजता तुकडी उरली आहे हे झोपलेल्याला कळणार कसं?

*

आमच्या खळ्यातून रात्री पश्चिमेला पाहिलं की क्षितिजावर कधीकधी एक वस्ती दिसते. पाहुणे विचारतात, "ते कुठलं गाव?" गाव नसतं ते. एलईडी लावलेल्या बोटी असतात. पाण्यावर आणि पाण्याखाली झगझगीत दिवे सोडायचे, की मासा उजेडाकडे धावत येतो, लहान-मोठा सगळा. मग जाळं आवळायचं. केंद्र सरकारने २०१७ मध्येच या मासेमारीवर बंदी घातली. दिवे तरी दिसतात. सासरे ते बघून जी शिवी देत ती इथे लिहिण्यासारखी नाही.

एका रात्री मी तिकडे पाहत होते आणि मागे वळले, तर कोपऱ्यात बाबू. तोंडावर मोबाइलचा निळसर उजेड, डोळे ताठ, तोंड उघडं. बांगड्याची आठवण झाली.

अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. 'रात्र झाली' असं ते अंगाला सांगतं. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या अॅरन लर्नर यांनी ते गाईगुरांच्या ग्रंथींतून वेगळं काढलं. हे गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञ, बेडकाच्या कातडीचा रंग कशाने फिका होतो ते शोधत होते, आणि हाती लागली रात्र. डोळ्यांवर उजेड पडला की मेलाटोनिन अडतं. मोठ्यांचंही अडतं, पण मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ, त्यामुळे उजेड आत जास्त शिरतो. कोलोरॅडोमध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपायच्या आधीचा एक तास उजेडाच्या टेबलावर चित्रं काढायला बसवलं, तर त्यांचं मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्क्यांनी दबलं. दिवा बंद केल्यावरही बराच वेळ ते पुरतं वर आलं नाही. आमच्या खळ्यात पाहुण्यांना मासा नीट दिसावा म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागून दोन मोठे पांढरे एलईडी लावून घेतले होते. त्यांची बोट क्षितिजावर, आमची दारात.

*

मला आठवतं, बाबू वेळेवर झोपायचा असे काही दिवस होते. मे २०२१. तौक्ते वादळ १६ तारखेला इथून गेलं. माड आडवे झाले, विजेचे खांब वाकले, कितीतरी दिवस वीज नव्हती. कोरोनामुळे पाहुणा आधीपासूनच नव्हता. बाबू पाच वर्षांचा. साडेसातला दिव्याच्या उजेडात पेज आणि भाजलेला सुका बांगडा, आठला सगळे माजघरात एका ओळीत. तो सासूबाईंच्या कुशीत, बोलता बोलता शब्द अर्धा राहायचा. पहाटे कावळ्यांबरोबर उठून पडलेले नारळ गोळा करायला पळायचा. तेव्हाचे फोटो आहेत माझ्याकडे. हाडं दिसतात त्याची.

यावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं. तेव्हा घरात वेफर्स नव्हते, तळायला तेल जपून होतं, आणि पोर दिवसभर उन्हात धावत होतं. वादळाचे दिवस चांगले होते असं म्हणायचं तर तोंडात किडे पडतील. छपराचे पत्रे अजून तीन ठिकाणी ठिगळाचे आहेत. पण वीज आली त्या रात्री सगळी आळी जी ओरडली, त्यात मीही होते. आणि त्याच रात्री आम्ही सगळे टीव्ही बघत साडेबारापर्यंत जागलो.

*

डॉक्टरबाईंनी आणखी एक विचारलं होतं, "घोरतो का?" सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी अभिमानाने सांगितलं, "घोरता तर! आजोबावरी. एकदम गाढ." बाईंच्या कपाळावर आठी. मूल रोज घोरत असेल तर ते गाढ झोपेचं लक्षण समजू नका म्हणाल्या. नाकामागच्या अॅडिनॉइडच्या गाठी किंवा टॉन्सिल सुजलेले असले, किंवा गळ्याभोवती चरबी साठली, की झोपेत श्वास अडतो. पोर रात्रभर अर्धवट उठत राहतं आणि तास भरूनही झोप होत नाही. मग दिवसा चिडचिड, पेंग, वर्गात लक्ष नाही, खाणं जास्त. वजनाने घोरणं वाढतं आणि घोरण्याने वजन. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. बाबूच्या गाठी थोड्या सुजलेल्या निघाल्या, नाकात मारायचा फवारा मिळाला, तेवढ्यावर भागलं. सासूबाई मात्र ते दिवसभर मनाला लावून बसल्या. पन्नास वर्षं त्यांनी सासऱ्यांच्या घोरण्यावरून त्यांची तब्येत ओळखली होती.

घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती फळ्यावर लिहिलं: जेवण रात्री ८.३०. नवरा म्हणाला, गिऱ्हाईक तुटेल. एक तुटलंही. पुण्याचं कुटुंब, दोन रात्रींचं बुकिंग एका रात्रीवर आलं, आणि जाताना 'इथे फार लवकर जेवायला बसवतात' असा शेरा मारून गेले. बाकीच्यांना सवय झाली, काहीजण तर म्हणाले, बरं वाटलं. खळ्यातले पांढरे दिवे काढून पिवळे मंद लावले. बाबूची गादी रस्त्याकडच्या खोलीतून उचलून माजघरात, सासूबाईंच्या शेजारी. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. एकदम साडेनऊला झोपव म्हटलं तर तो तासभर छताकडे बघत पडायचा, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाव तास आधी. पहिला आठवडा रडारडीचा. त्याची नव्हे, माझी. रात्री ओटा आवरताना मागे कुणी उभं नसायचं.

आणि पाहुण्यांचं एक जुनं रजिस्टर होतं, अर्धं कोरं. त्यात नाव, गाव, आगमन, प्रस्थान आणि शेरा असे रकाने आखलेले. त्यातच मी बाबूची झोप लिहायला लागले. आगमन ९.१०, प्रस्थान ६.४५. त्याला याची इतकी गंमत वाटली की मग तो स्वतःच लिहायला लागला.

ऑगस्टमध्ये पुन्हा वजन केलं. ४३ किलो. तसूभर इकडेतिकडे नाही. माझा चेहरा पडला. बाईंनी उंची मोजली, दीड सेंटिमीटर वाढलेली. "वजन थांबलंय आणि पोर वर चाललंय, याहून काय पाहिजे तुम्हाला?" मानेवरचा पट्टा आहे तसाच आहे. जायला वेळ लागतो म्हणाल्या. झोपेमुळे थांबलं, अकराची तुकडी बंद झाली म्हणून थांबलं, की पेंगत नाही म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर फुटबॉल खेळतो त्याने, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी तो पाचवीत जाईल. नऊचा आदेश चौथीपर्यंतचाच, म्हणजे पुन्हा सकाळचं सत्र आणि सव्वासहाची गाडी. तेव्हा साडेआठला झोपवावं लागेल. म्हणजे जेवण साडेसातला. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

मध्ये चतुर्थी आली. आमच्याकडे गणपती अकरा दिवस. रोज रात्री भजन, एका घरचं संपलं की टाळ-मृदंग उचलून दुसऱ्या घरी, आणि प्रत्येक घरी भजन झालं की उसळ, लाडू, करंज्या. बाबू टाळ वाजवतो. एक वाजता घरी यायचा, हाताला करंजीचं तूप, डोळे लालभडक, गळा बसलेला. मी एका शब्दाने बोलले नाही. वर्षातून अकरा रात्री पोराने भजनात जागायचं नाही तर कोकणात राहायचं कशाला?

रजिस्टरमध्ये अकरा ओळी कोऱ्या आहेत. बाराव्या ओळीवर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय: आगमन ९.०५. आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'आजी घोरते. झोप येत नाही. तिला डॉक्टरकडे न्या.'